भाच्याच्या गिटारचा ट्यूनर

इलेक्ट्रिक गिटार वाजवणारी पोरे पैसे कशाकशावर घालवतात, हे आता मला बऱ्यापैकी कळू लागले आहे. आधी गिटार, मग अँप, मग आवाज करकरीत करणारे डिस्टॉर्शनचे पेडल, मग आवाजाचे प्रतिध्वनी काढणारे डिले. ट्यूनर सगळ्यात शेवटी, आणि तोही कुणी बोलल्यावर. माझ्या भाच्याला बोलला त्याच्या ऑर्केस्ट्राचा मालक. चार माणसांत बोलला, आणि जे बोलला ते पोराच्या मनाला लागले.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. गिटार मला वाजवता येत नाही. शाळेत परिपाठाला पेटी धरते, तेवढेच माझे सुरांचे भांडवल. तरीही गेल्या वर्षी दोन-अडीच महिने मी ट्यूनर या एका वस्तूच्या मागे लागले होते. इंग्रजी माहितीपत्रके वाचली, दुकानात जाऊन डोके खाल्ले, भाच्याशी वाद घातले. त्यातून जे समजले ते इथे लिहून ठेवते. तुमच्या घरात गिटारवाला असेल तर उपयोगी पडेल. नसेल तरी यात कानाविषयीची एक गोष्ट आहे, ती मला सांगायचीच आहे.

भाचा माझ्या आपाचा थोरला मुलगा. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. भावजी जाऊन सहा वर्षे झाली. फीचा निम्मा भार हा पोरगा स्वतः उचलतो तो गिटारवर. गावोगावच्या यात्रा, हळदीचे कार्यक्रम, गणपती, नवरात्र. सुपारी लागली की टेम्पोत बसायचे आणि पहाटे घरी यायचे. एका रात्रीचे बाराशे रुपये मिळतात. रमजानमध्ये तो सुपाऱ्या घेत नाही, बाकी वर्षभर घेतो. हे वाजवणे बरे नव्हे असे सांगायला एक-दोन नातेवाईक येऊन गेले. आपा त्यांना चहा देते आणि म्हणते, या सत्राची फी तुम्ही भरा, मग बसून बोलू. ते पुन्हा येत नाहीत.

मालकाच्या तक्रारी दोन होत्या. एक, दोन गाण्यांच्या मध्ये निवेदक बोलत असतो तेव्हा हा तारा लावतो आणि त्याचे टुंग टुंग सगळ्या मैदानाला ऐकू जाते. दुसरी अधिक गंभीर. गिटार कीबोर्डशी जुळत नाही, काहीतरी खटकत राहते. "तुला कानच नाही," असे मालक म्हणाला, आणि पुढच्या महिन्यापासून दुसरा गिटारवाला बघतो असेही म्हणाला. भाचा माझ्याकडे आला तो ट्यूनरविषयी विचारायला नव्हे. गिटार जुन्यात कितीला जाईल, हे विचारायला आला होता.

पहिली तक्रार सोपी होती. तोवर तो मोबाइलवरच्या ॲपने तारा लावत होता. घरात ॲप उत्तम चालते. स्टेजवर मोबाइलच्या माइकला ढोलकी, निवेदक आणि पहिल्या रांगेतल्या शिट्ट्याही ऐकू येतात, त्यामुळे काटा सैरभैर होतो. गिटारच्या डोक्याला चिमट्यासारखा लावायचा क्लिप ट्यूनर मिळतो. तो लाकडाची थरथर मोजतो, म्हणून माणसांच्या आवाजाने बिथरत नाही. पण शेजारी ड्रम आणि भला मोठा बास स्पीकर चालू असेल तर स्टेजची फळीच थरथरते, आणि ती थरथर गिटारमध्येही उतरते. शिवाय या दोन्हींमध्ये आवाज बंद होत नाही. तार लावताना गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणायला हात मोकळा असावा लागतो, घाईत ते राहून जाते आणि टुंग टुंग सुरू होते.

पेडल ट्यूनर गिटार आणि अँप यांच्या मध्ये, वायरीच्या वाटेत बसतो. त्याला फक्त गिटारच्या पिकअपकडून आलेला सिग्नल मिळतो, बाहेरच्या गोंगाटाशी त्याचा संबंधच नाही. पायाने बटण दाबले की पुढचा आवाज तुटतो आणि दिवे लागतात. तारा लावायच्या, पुन्हा दाबायचे, आवाज परत. निवेदकाला कळतही नाही. माझ्या मते अचूकता वगैरे गोष्टींच्या आधी मोजावा असा या पेडलचा फायदा हा आहे.

दुसऱ्या तक्रारीला वेळ लागला.

एका रविवारी मी त्याला घरी बसवले आणि सांगितले, ॲप बंद कर, कानाने तारा लाव. त्याने जाड ई तार माझ्या पेटीवरून घेतली आणि मग एकीवरून दुसरी अशा सहाही लावल्या. मग ॲप उघडून आम्ही एकेक तार तपासली. पाच तारा जवळजवळ बरोबर होत्या, इकडेतिकडे दोन-तीन सेंट. बी तार मात्र तेरा सेंटने उतरलेली. पुन्हा सगळ्या सैल करून लावायला सांगितल्या. पुन्हा बी तारच, आणि पुन्हा तेवढीच खाली. चार वेळा केले, चारही वेळा तेच.

मी वीस वर्षे शुद्धलेखनाच्या वह्या तपासते आहे. ज्या मुलाला हिज्जे येत नाहीत त्याच्या चुका पानभर विखुरलेल्या असतात, आज एक, उद्या दुसरी. जे मूल एकच शब्द दर वेळी एकाच तऱ्हेने "चुकवते" त्याच्या डोक्यात काहीतरी नियम असतो. तो नियम शोधावा लागतो. भाच्याच्या कानातही नियम होता.

सेंट म्हणजे काय ते आधी सांगते. एका सा पासून वरच्या सा पर्यंतच्या अंतराचे १२०० भाग केले की एक भाग म्हणजे एक सेंट. एकोणिसाव्या शतकात अलेक्झांडर एलिस या इंग्रज अभ्यासकाने हे माप रूढ केले. पेटीवर किंवा कीबोर्डवर शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये बरोबर १०० सेंट असतात, बाराही घरे सारखी. गिटारच्या मानेवरचे फ्रेटही याच हिशेबाने बसवतात. पण निसर्गतः कानाला गोड लागणारी सुरांची अंतरे अशी सारखी नसतात. सा आणि शुद्ध गंधार एकमेकांत अगदी विरघळून जावेत असे हवे असेल तर त्यांच्यातले अंतर सुमारे ३८६ सेंट लागते. पेटीचा गंधार असतो ४०० वर, म्हणजे चौदा सेंट चढा. आपल्याला सवयीने तो खपतो, पण जुन्या गवयांना खपत नसे. आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदी होती, तिच्यामागच्या कारणांत पेटीचे हे ठरीव सूर होतेच.

आता गिटारकडे या. सहा तारांपैकी शेजारच्या बहुतेक जोड्यांमध्ये सा-मध्यमाचे अंतर असते. एकच जोडी वेगळी आहे, जी आणि बी. त्यांच्यात सा-गंधाराचे अंतर आहे. माझा भाचा जी तार छेडून तिच्यावर बी लावायचा आणि दोन्ही सूर विरघळले की थांबायचा. जी तार १९६ हर्ट्झवर असते. तिचा विरघळणारा गंधार येतो २४५ हर्ट्झवर. कीबोर्डवरचा बी मात्र आहे २४६.९४ वर. हे दोन एकत्र वाजले की सेकंदाला जवळपास दोन हेलकावे ऐकू येतात. मालकाला खटकत होते ते हेच.

आणि हा गंधार त्याच्या कानात आला कुठून? आम्ही मिरजेचे. सतारमेकर गल्लीत आपाचे सासर. तिथे पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे आणि सतारी बनतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. चांगला लावलेला तंबोरा ज्याने जवळ बसून ऐकला आहे त्याला माहीत असेल, खर्जाची तार छेडली की तिच्यातून न वाजवलेला गंधार आपोआप उमटतो. तो हाच, ३८६ सेंटवाला, कारण तो तारेच्या पाचव्या अंशस्वरातून येतो. भाचा लहानपणी शाळेतून आला की दप्तर टाकून समोरच्या कारखान्यात बसायचा. तिथले एक बुजुर्ग कारागीर पुलावर तारेखाली सुताचा धागा सरकवत जवारी काढायचे आणि हा बघत राहायचा. त्याला कुणी काही शिकवले नाही, पण कान तयार होत गेला.

म्हणजे कान नसल्यामुळे नव्हे, तर कान असल्यामुळे त्याची बी तार उतरत होती. हे मी त्याला कागदावर आकडे मांडून दाखवले तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने गिटार उचलून जी कॉर्ड वाजवली आणि त्यानंतर ई कॉर्ड. त्याच्या पद्धतीने लावलेल्या गिटारवर जी कॉर्ड मधासारखी लागत होती, कारण तिथे मोकळी बी तार गंधाराचे काम करते. ई कॉर्डमध्ये तीच मोकळी बी तार पंचम होते, आणि तो पंचम चांगलाच उतरलेला. "खाला, ई कॉर्ड नेहमी आंबट लागायची," तो म्हणाला, "मला वाटायचे माझे बोटच नीट पडत नाही."

ही गिटारची अडचण आहे, माणसाची नव्हे. सगळ्या कॉर्ड थोड्या थोड्या गोडीवर पाणी सोडतात तेव्हा सगळ्याच वाजवण्यासारख्या होतात. एकट्याने वाजवणारा कुठल्या गाण्याला काय हवे ते बघून तार किंचित उतरवू शकतो. त्यासाठी पीटरसन कंपनीच्या ट्यूनरांत "गोड केलेल्या" म्हणजे स्वीटन्ड लावण्या तयार भरलेल्या असतात. पण शेजारी कीबोर्ड असेल तर कीबोर्डचेच ऐकावे लागते. तिथे ट्यूनर लागतो तो यासाठी. बहिऱ्या कानाला लागतो असे नाही, इतरांशी जुळवून घ्यायला लागतो.

त्या बुजुर्गांना आम्ही ॲप दाखवले होते. त्यांनी तंबोऱ्याची तार छेडली. जवारीच्या झणझणाटात ॲप गोंधळले, कधी षड्ज दाखवी, कधी पंचम. ते हसले आणि म्हणाले, "ये गिनता है, सुनता नहीं." मला ते निम्मेच पटते. मोजणाराही कुणी हवा, विशेषतः बाराशे रुपये दुसऱ्याच्या खिशात असतात तेव्हा.

मग खरेदी. पैसे मर्यादित होते. मी पाच हजारांची तयारी ठेवली होती. त्यातले दोन तो हप्त्याने फेडणार, असे त्यानेच ठरवले.

आकाराचा प्रश्न आधी सुटला. त्याचा पेडलबोर्ड म्हणजे मामेभावाने घरच्या प्लायवूडची कापून दिलेली फळी. तिच्यावर वेल्क्रोने तीन पेडले आणि एक वाहवाह चिकटवलेले. मी शाळेची फूटपट्टी लावून मोजले, साडेसहा सेंटिमीटर जागा शिल्लक होती. बॉसचा टीयू-३ हा या जातीतला सगळ्यात ओळखीचा ट्यूनर. २०१० पासून तो बाजारात आहे, त्याआधीचा टीयू-२ हा १९९८ चा. भरवशाचा, दणकट, बॅटरीवरही चालणारा, आणि त्याच्यातून दुसऱ्या पेडलांना वीजही देता येते. पण रुंदी ७३ मिलिमीटर. बॉसवाले या मापालाच "कॉम्पॅक्ट" म्हणतात. आमच्या फळीवर तो बसला नसता, आणि नवा घ्यायचा तर बजेटच्याही बाहेर होता. मिनी जातीची पेडले पाच सेंटिमीटरच्या आतबाहेर रुंद असतात. मिनी घ्यायचा तर तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात, असे मला दुकानदाराने सांगितले आणि नंतर त्या खऱ्या निघाल्या. बहुतेक मिनीत बॅटरीला जागा नसते, अडॅप्टर हवाच. पेडल हलके असल्याने जाड वायरीच्या ताणाने ते फिरते, म्हणून फळीवर पक्के चिकटवावे. आणि दोन्ही बाजूंना प्लग येतात, त्यांची जागा रुंदीत धरावी. चपटे प्लग घेतले म्हणून आमचे भागले.

अचूकतेच्या आकड्यांवर गिटारवाले तासन्‌तास वाद घालतात. टीयू-३ एका सेंटपर्यंत अचूक, पीटरसनचे स्ट्रोब ट्यूनर एक दशांश सेंटपर्यंत, टीसी इलेक्ट्रॉनिकचा पॉलिट्यून ३ स्ट्रोबवर ठेवला तर त्याहूनही बारीक. मला हे वाचून दशांशात गुण देणारे परीक्षक आठवले. तार जोराने छेडली तर पहिल्या क्षणी तिचा सूर काही सेंट चढतो आणि मग खाली येतो. बोट जरा जास्त दाबले तरी चढतो. स्टेजच्या दिव्यांनी तार तापली की उतरतो. जिथे तारच इतकी हलते तिथे एक सेंट पुष्कळ झाला. गिटारचे फ्रेट आणि पूल बसवणाऱ्या कारागिराला स्ट्रोबची गरज असते, हे मान्य. यात्रेत वाजवणाऱ्याला नाही.

त्याला गरज आहे दिसण्याची. दुकानात आम्ही तीन ट्यूनर समोर ठेवले. मी माझ्या दुपट्ट्याचा आडोसा करून अंधार केला, मग दुकानाच्या पायरीवर उन्हात नेले. एक स्वस्तातला अंधारात झकास दिसत होता आणि उन्हात त्याचे दिवेच हरवले. "ये तो दिन में दिखता ही नहीं," भाचा म्हणाला आणि तो बाजूला ठेवला. हळदीचे कार्यक्रम दुपारीच असतात. दुसरा मुद्दा मी काढला. त्यातल्या एका ट्यूनरवर सूर जुळला की हिरवा आणि नाही जुळला की लाल, एवढाच फरक होता, दिवा मात्र तोच. वर्गात नकाशा रंगवताना लाल-हिरवा ओळखू न येणारा मुलगा दर एक-दोन वर्षांनी मला भेटतोच. भाच्याला तो त्रास नाही. पण उद्या हे पेडल दुसऱ्याच्या हाती गेले तर? आणि उभ्याने, सहा फुटांवरून, घाम डोळ्यांत गेलेला असताना रंगापेक्षा जागा लवकर कळते. डावीकडे म्हणजे उतरलेला, उजवीकडे चढलेला, मध्ये जुळलेला. असाच घ्यावा.

यानंतर मी ज्या गोष्टीसाठी अडून बसले ती भाच्याला क्षुल्लक वाटत होती. ट्यूनरचा पायाचा सूर बदलता आला पाहिजे. आज जगभर मधल्या ए चा मापदंड ४४० हर्ट्झ आहे आणि कीबोर्ड त्याच्यावरच येतो. पण आपल्याकडच्या पेट्यांचे तसे नाही. पेटीच्या सुरांच्या पट्ट्या कारागिराने घासून लावलेल्या असतात, त्यात वयाप्रमाणे फरक पडतो, आणि कार्यक्रमाच्या मध्येच पेटी लावता येत नाही. माझ्या शाळेची पेटीच तीन-चार सेंट चढी आहे. कव्वालीच्या कार्यक्रमात याला पेटीसोबत बसावे लागते. तिथली पेटी ४४३ वर असली आणि गिटार ४४० वर लावली तर जवळजवळ बारा सेंटचा फरक पडतो, म्हणजे पुन्हा तोच आंबटपणा, या वेळी सहाही तारांवर. तेव्हा ४४० वर खिळलेला ट्यूनर घेऊ नये. ही सोय असली तरी ती कुठल्या बटणाने बदलते आणि वीज गेल्यावर लक्षात राहते का, हे दुकानातच पाहून घ्यावे.

बायपासविषयी थोडक्यात. ट्यूनर बंद असताना सिग्नल त्यातून कसा जातो, याच्या दोन तऱ्हा आहेत. ट्रू बायपास म्हणजे सरळ तारेतून, आणि बफर म्हणजे एका छोट्या सर्किटमधून, जे सिग्नलला पुढच्या वायरी ओढण्याइतका जोर देते. गिटारच्या पिकअपचा सिग्नल नाजूक असतो आणि लांब वायरीत त्याची वरची झळाळी विरते. सगळीच पेडले ट्रू बायपास असतील आणि वायरी मिळून दहा-बारा मीटर होत असतील तर एक तरी बफर असावा. काही जुन्या धाटणीच्या फझ पेडलांना मात्र आपल्या आधी बफर चालत नाही. ट्रू बायपासचा एक फायदा असा की त्याचा अडॅप्टर ऐन कार्यक्रमात मेला तरी गिटार वाजत राहते. भाच्याच्या फळीवर एक बफरवाले पेडल आधीच होते, म्हणून आम्ही ट्रू बायपास चालेल असे ठरवले. ट्यूनर पहिला ठेवायचा, गिटारच्या लगेच पुढे. डिस्टॉर्शनमधून आलेला सूर त्याला नीट वाचता येत नाही.

अडॅप्टर मात्र कुठलाही लावू नका. ही पेडले साधारणपणे ९ व्होल्टवर चालतात आणि त्यांच्या पिनेचा मधला भाग ऋण असतो. घरातल्या बहुतेक अडॅप्टरांचा मधला भाग धन असतो. पिन बरोबर बसते आणि म्हणूनच घोटाळा होतो. दोन्हींवर एक छोटे चित्र असते, वर्तुळ आणि त्याच्या मधे ठिपका. ते जुळले तरच लावायचे.

शेवटी घेतला तो वापरलेला पॉलिट्यून मिनी. पुण्यातल्या एका मुलाने नोकरीसाठी परदेशी जाताना काढला होता, साडेचार हजारांना मिळाला. २०१० मध्ये पॉलिट्यून आला तेव्हा त्याचे वैशिष्ट्य हे होते की सहाही तारा एकदम छेडायच्या आणि कुठली उतरली आहे ते तो दाखवतो. हे म्हणजे हजेरी घेण्यासारखे आहे. गैरहजर कोण ते एका नजरेत कळते, मग त्याच्याकडे वळायचे. दोन गाण्यांत वीस सेकंद मिळतात, त्यात सहा तारा एकेक करून बघणे होत नाही. पण एकदम छेडताना सगळ्या तारा सारख्या वाजल्या पाहिजेत. एखादी अर्धवट छेडली गेली तर तो भलतीच दाखवतो. आणि तार प्रत्यक्ष लावायची ती एकेकटीच छेडून. केवळ या सोयीसाठी जास्त पैसे मोजावेत असे मला वाटत नाही. वापरलेला मिळाला म्हणून बरे झाले.

वापरायची पद्धत मात्र मी घालून दिली. उर्दूच्या वर्गात मी मुलांना आधी शब्द ऐकवते, मग लिहायला सांगते आणि नंतरच पुस्तक उघडते. पुस्तक आधी उघडले की मुले बघून लिहितात आणि तलफ्फुज कानात बसत नाही. इथेही तेच करायचे. घरी रियाजाला बसताना आधी कानाने सहाही तारा लाव, मग पेडल दाब आणि फरक वहीत लिही. तो कुरकुरला, पण लिहितो. पहिल्या आठवड्यात बी पुढे उणे तेरा, उणे बारा, उणे चौदा असे होते. दोन महिन्यांनी उणे तीन, उणे चार. आता तो जी तारेवरून बी लावतच नाही. जाड ई तारेच्या सातव्या फ्रेटवरचा सूर घेतो, तो बी च असतो आणि त्याचा हिशेब कीबोर्डशी जुळतो. परवा त्याने मला सांगितले की बी तार त्या विरघळण्याच्या जागेपासून किती चढवायची ते त्याला आता ऐकू येते. एका सेकंदाला जवळपास आठ हेलकावे, तो म्हणतो, की थांबायचे. म्हणजे जुना गंधार त्याने सोडलेला नाही, त्याच्यावरूनच मोजतो.

मालकाने दुसरा गिटारवाला बघितला नाही. कौतुकही केले नाही, पण यात्रांच्या हंगामात अकरा सुपाऱ्यांना नेले. दोन हजारांपैकी दीड हजार परत आले आहेत.

जी तार मात्र अजून त्रास देते. चावी फिरवली की ती मानेवरच्या नटच्या खाचेत अडकते, मग टिक असा आवाज होऊन एकदम चढते. खाचेत पेन्सिलीच्या शिशाची पूड घातली की आठ-दहा दिवस बरी चालते. नट बदलायला हवा. ते काम गल्लीतल्या त्या बुजुर्गांकडेच द्यायचे ठरले आहे. हाडाच्या पट्टीत तारेसाठी खाच पाडणे त्यांना नवीन नाही. त्यांनी गिटार आणून ठेवायला सांगितली आहे, आणि तो डबाही घेऊन ये म्हणाले आहेत.